रीळ नंबर सात

"मागं घे," आण्णा म्हणाले.

मी मागं घेतलं. वस्तादानं तलवार उचलली, खाली पडलेल्या माणसाकडं पाहिलं आणि त्याला तिसऱ्यांदा मारलं. मग त्याच्याच अंगरख्याला तलवार पुसून तो लोकांकडं बघून हसला. दात छान होते त्याचे.

"परत."

"आण्णा, कितीही वेळा घेतलं तरी तो मारणारच आहे."

"तू घे."

चौथ्यांदाही मारलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पहिल्या दोन वेळा ती हळहळली होती. आता म्हणाली, त्या मेलेल्याला तरी जरा पडू द्या की. आण्णांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते टीव्हीकडं असे बघत होते, जसे पेपर तपासताना एखाद्या हुशार पोरानं कॉपी केलेली सापडल्यावर बघायचे.

ही गोष्ट दोन हजार अकरा सालच्या दुःखसप्ताहातली, गुड फ्रायडेच्या आधीच्या बुधवारची. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बी.ए. इंग्लिश, सेकंड क्लास, आणि काम काही नाही. आमचं भोरसगाव नेवाशाकडचं. शंभरएक ख्रिस्ती घरं, एक चर्च, मिशनची एक शाळा. आण्णा, म्हणजे माझे वडील नाथान उजागरे गुरुजी, त्याच शाळेत पस्तीस वर्षं शिकवून नुकतेच रिटायर झाले होते. चर्चला नवे पाळकसाहेब मिळाले होते, सुमंत दिवे. तिशीचे, उत्साही, स्वतःचा प्रोजेक्टर बाळगणारे. त्यांनी ठरवलं, की गुड फ्रायडेला तीन तासांची उपासना झाली की चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना तो पिक्चर दाखवायचा.

तो पिक्चर म्हणजे जुना हॉलिवूडचा रोमन पिक्चर. आखाड्यात एकमेकांना मारणारे गुलाम, त्यांच्यावर पैजा लावणारा बादशहा, सिंह, आणि सिंहांपुढं टाकलेले पहिले ख्रिस्ती लोक. गावात तो एकट्या आण्णांनी पाहिला होता, एकोणीसशे सत्तर साली, नेवाशाला बाजाराच्या दिवशी आलेल्या तंबू टॉकीजमध्ये, आणि तोही एकदाच. पण गावातल्या प्रत्येकाला तो पाठ होता, कारण गेली एकोणतीस वर्षं दर गुड फ्रायडेला आण्णा त्यातला एक प्रसंग प्रवचनात सांगत.

प्रसंग असा. या गुलामांतल्या वस्तादाला त्याच्याच जवळच्या माणसानं दगा दिलेला असतो. मग आखाड्यात तोच माणूस त्याच्यापुढं येतो आणि पडतो. वस्ताद तलवार वर नेतो. लाख माणूस ओरडत असतं, मार, मार. आणि वस्ताद तलवार वाळूत टाकून देतो. खण्ण आवाज होतो. तो म्हणतो, "मारायला काय, एक घाव पुरतो. पण मला याच हातानं जेवायचंय."

इथं आण्णा आपला उजवा हात वर करून थोडा वेळ थांबायचे. बायका पदर डोळ्याला लावायच्या. पहिल्या बाकावर बसलेले आमचे फिलेमोनतात्या, म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ, दरवर्षी त्याच जागी मान हलवायचे. गावात हे वाक्य इतकं रुळलं होतं, की बांधावरच्या भांडणात कुणी दगड उचलला तर बघणारे म्हणायचे, "टाक खाली, जेवायचंय ना?" आणि तो टाकायचा. आमच्या गावची केस पोलीस स्टेशनला क्वचितच जाई.

तर पाळकसाहेबांनी पुण्याहून डीव्हीडी मागवली, आणि पिक्चर चालू असताना माइकवरून मराठीत समजावून सांगायचं काम मला दिलं. सेकंड क्लासचा पहिलाच उपयोग. मी सराव करायला डीव्हीडी घरी आणली. आण्णा बुश शर्ट बदलून, केस विंचरून टीव्हीसमोर बसले. आणि मग हे झालं.

"कंपनीनं बदललंय," आण्णा म्हणाले.

मी म्हटलं, पिक्चर बदलता येत नाही, ते लोक कधीच मेले. आण्णा म्हणाले, आजकाल कॉम्प्युटरवर मेलेल्यांकडूनही काहीही करून घेतात. डीव्हीडीच्या मागं कॅलिफोर्नियाचा पत्ता होता. त्यांनी मला फुलस्केप कागद आणायला लावला आणि उभ्यानं मजकूर सांगितला. विषय, चित्रपटातील प्रसंग परस्पर बदलल्याबाबत. महोदय, आपण सदर प्रसंगी वस्तादाकडून खून करवून घेतला आहे, तो मूळ प्रतीत नाही. आम्ही स्वतः पाहिलेले आहे. तरी सदर खून त्वरित मागे घ्यावा. प्रत माहितीसाठी, माननीय बिशपसाहेब.

मी ते इंग्रजीत केलं. 'खून मागे घ्यावा' याला मला शब्द सापडेना.

संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि तोडगा काढला, की तेवढा तुकडा रिमोटनं पुढं ढकलू. तलवार वर गेली, की एकदम पुढचा सीन. मधल्या वेळात गुरुजींनी माइकवर आपलं वाक्य म्हणावं, म्हणजे कुणाच्याही श्रद्धेला धक्का नाही. शिवाय हा वस्ताद पुढं दीड तासानं ख्रिस्ती होतोच, तेव्हा एकूणात फारसा फरक पडत नाही.

"म्हणजे एवढे दिवस मी नकळत खोटं बोललो असेन, तर आता कळून बोलू?" आण्णा म्हणाले. "गुड फ्रायडेला? तुमच्या रिमोटनं?"

पाळकसाहेब चहा अर्धा ठेवून गेले.

रात्रभरात आण्णांनी साक्षीदार शोधून काढला. तंबू टॉकीजमध्ये इंग्रजी पिक्चर असला की पडद्याशेजारी माइक घेऊन एक माणूस उभा राहायचा आणि कोण काय म्हणतंय ते मराठीत सांगायचा. सत्तर साली ते काम करायचे शब्बीर मास्तर. आता त्यांचं नेवाशात लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. गुरुवारी सकाळी मी आण्णांना मोटरसायकलवर घेऊन गेलो. रस्ताभर ते माझ्या पाठीमागून त्या कंपनीला उद्देशून बोलत होते.

शब्बीर मास्तर सत्तरीच्या पुढचे, पण आवाज असा की दुकानातले सगळे कर्णे उगाचच वाटत. आण्णांनी ओळख सांगितली, पिक्चर सांगितला, आणि कोर्टात विचारावं तसं विचारलं, "वस्तादानं तलवार टाकली की नाही?"

"टाकली," मास्तर म्हणाले.

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या समाधानानं त्यांनी माझ्याकडं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी टाकायला लावली," मास्तर म्हणाले. "रीळ नंबर सात."

मग त्यांनी आम्हाला स्टुलावर बसवलं आणि खुशीत सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं त्यांना. त्यांच्या तंबूला मिळालेली प्रिंट म्हणजे आधी शंभर ठिकाणी चालून जीर्ण झालेली. सात नंबरच्या रिळात नेमकी त्या जागी फिल्म फाटलेली. ऑपरेटरनं खराब भाग कापून पुढचा तुकडा जोडला होता. त्यामुळं तलवार वर जायची आणि लगेच वस्ताद दारातून बाहेर पडताना दिसायचा. मध्ये काय झालं ते कुणालाच माहीत नाही. मालकाला नाही, ऑपरेटरला नाही. आणि मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं.

"येत नव्हतं?" मी विचारलं.

"यस, नो, गेट आउट. एवढं यायचं. बाकी तोंडाकडं बघून सांगायचो. माणूस काय बोलत असंल ते तोंडावर दिसतं की."

"मग तलवार टाकली हे कशावरून?" आण्णांचा आवाज खाली आला होता.

"गुरुजी, पहिल्या दोन गावांत मी 'मारला' म्हणूनच सांगितलं. पब्लिक उठून उभं राहिलं. म्हणे, मारला तर मढं दाखव. तिकीट काढून आलोय. आता मढं कुठून आणू? माझ्याकडं मढंच नव्हतं. तिसऱ्या गावात म्हटलं, सोडला. सोडल्यावर कोण काय दाखवायला सांगणार? पब्लिक गप. एक म्हातारा रडला. मग मी चाळीस गावं सोडलाच."

"आणि तो आवाज? तलवारीचा?"

मास्तर आत गेले. बाहेर येऊन त्यांनी चहाच्या पत्र्याच्या डब्यावर चमचा मारला. खण्ण.

वाळूत पडलेली तलवार खण्ण कशी वाजते, हे मी सातवीत असताना आण्णांना विचारलं होतं. त्यांनी मला श्रद्धेबद्दल एक धडा वाचायला दिला होता.

आण्णा उठले. मी त्यांना रागावलेलं खूप वेळा पाहिलं होतं, पण असं नाही. ते म्हणाले, तुम्हाला लाज वाटली पाहिजे. माणसं तुमच्यावर विश्वास ठेवून अंधारात बसलेली असतात, आणि तुम्ही मढं नाही म्हणून तोंडाला येईल ते सांगता. एकोणतीस वर्षं मी व्यासपीठावरून तुमचा डबा वाजवत आलोय. मास्तर आधी हसले, मग हसायचे थांबले.

"पिक्चर आहे, गुरुजी. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"त्या पिक्चरवर एक माणूस आज जिवंत आहे," आण्णा म्हणाले आणि दुकानाबाहेर गेले.

मी गाडीला किक मारता मारता विचारलं, कोण माणूस. ते म्हणाले, पुढं बघून चालव.

गुड फ्रायडेला शाळेच्या हॉलला घोंगड्या लावून अंधार केला होता. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, आत दीडशे माणसं. त्या काळचे ख्रिस्ती लोक किती सोसत होते याची कल्पना पिक्चर सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना आली. फिलेमोनतात्या नेहमीसारखे पुढं, हातात पुठ्ठ्याचा पंखा. आण्णांनी त्या दिवशी उपासनेत प्रवचन केलं नव्हतं. तब्येतीचं कारण सांगितलं होतं. आता ते हॉलमध्ये माझ्या शेजारी, माइकच्या टेबलाला टेकून बसले.

मी सांगत गेलो. बादशहा म्हणतो, अमुक. राणी म्हणते, तमुक. लोक रंगले होते. वस्ताद पडद्यावर आला तेव्हा तर टाळ्या पडल्या, जणू भोरसगावचाच कुणी मिलिटरीतून सुट्टीवर आलाय. मग दगाबाज आला, झुंज झाली, दगाबाज पडला. सगळा हॉल पुढं सरकला. पाळकसाहेब रिमोट धरून माझ्याकडं बघत होते. वस्तादाची तलवार वर गेली आणि मागं कुणीतरी पोर हळूच म्हणालं, "याच हातानं."

आण्णांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि पाळकसाहेबांना नको अशी खूण केली.

वस्तादानं मारलं. तलवार पुसली. हसला.

मग एक बाई म्हणाली, अगं बाई.

"तो मारतो," आण्णा माइकवर म्हणाले. "मी तुम्हाला एकोणतीस वर्षं सांगत आलो की मारत नाही. चूक माझी आहे. माझ्या वेळी रीळ फाटलं होतं, आणि सांगणाऱ्यानं मनचं सांगितलं. मला ते खरं वाटलं, कारण त्या दिवशी मला ते खरं असायला हवं होतं." त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "मी त्या तंबूत सदऱ्याच्या आत कोयता घेऊन बसलो होतो. पिक्चर सुटल्यावर दादाला गाठायचं म्हणून. फिलेमोनदादाला."

पाळकसाहेबांनी घाबरून रिमोट दाबला. पडद्यावर बादशहा द्राक्ष तोंडात घालता घालता थांबला, आणि पुढचा सगळा प्रकार त्यानं तोंड उघडं ठेवून पाहिला.

तात्या उभे राहिले. सावकाश मागं वळले.

"कोणता कोयता?"

"आपलाच."

"वाकड्या मुठीचा?"

"तोच."

"त्याला मी धार लावली होती," तात्या म्हणाले. त्यांना राग नेमका कशाचा आलाय ते त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं. "सकाळी दोन तास बसून मी धार लावायची, आणि संध्याकाळी मलाच?"

आण्णांनी माइक तोंडापासून खाली घेतला.

"कशापायी?"

"तुला माहीत आहे, दादा."

"तू बोल. आता सगळ्यांपुढं बोललास तर हेही बोल."

"ट्रेनिंग कॉलेजचं पत्र," आण्णा म्हणाले. "तारीख गेल्यावर मला सापडलं. वळचणीला, पाचटात खोचलेलं."

मला एवढंच माहीत होतं, की आण्णा मॅट्रिकनंतर एक वर्ष घरी होते. शेतात माणूस नव्हतं म्हणून, असं आजवर ऐकलं होतं. त्यांचे वडील त्याच वर्षी वारले होते. तात्या बावीस वर्षांचे, दहा एकर जमीन आणि एकच धाकटा भाऊ, तोही मास्तर व्हायला निघालेला.

तात्यांचा पुठ्ठ्याचा पंखा हलायचा थांबला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"तवापासून?"

"तेव्हापासून."

"आणि मी," तात्या म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम चढला, "एक्केचाळीस वर्षं, हुरड्याच्या कणसांचं पहिलं पोतं तुझ्या दारात आणून टाकतोय. दुष्काळात टाकलं. बहात्तर साली पोरांच्या तोंडचं काढून टाकलं. तुला काय वाटलं, माझ्या रानात ठेवायला जागा नव्हती?"

"मला वाटलं, प्रेमानं देतोस."

"प्रेमानं एवढं कोण देतं?"

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तुला ठाऊक नाही असं धरून मी फेडत होतो, नाथ्या. तुला कळलं तर तू तोंड बघायचा नाहीस म्हणून फेडत होतो. आणि तू आपला घेत होतास. दरवर्षी. निवडून."

"तू एकदा तरी बोलायचं होतंस."

"तू एकदा तरी विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर," आण्णा म्हणाले, "कोयता घरी नेऊन ठेवला नसता मी. न विचारता सोडलं, म्हणून सुटलं."

मग तात्यांना आणखी एक गोष्ट सुचली आणि ते नव्यानं तापले.

"आणि वर दर साली मला पहिल्या बाकावर बसवून तेच प्रवचन. मी म्हणायचो, रोमच्या लोकांचं चाललंय. मी मान हलवायचो."

तात्या जाणार असं मला वाटलं. ते पाळकसाहेबांकडं वळले.

"लावा साहेब पुढं. माणसं उकडायला लागलीत."

ते आपल्या जागेवर बसले. बादशहानं द्राक्ष खाल्लं. आण्णांनी माइक माझ्याकडं दिला. पुढं दीड तास पडद्यावरचे लोक जे म्हणत होते, ते आणि तेवढंच मी सांगितलं. शेवटी वस्ताद ख्रिस्ती झाला आणि सिंहापुढं गेला. गावानं त्याला फारसं मनावर घेतलं नाही.

त्यानंतर दोघे भाऊ बोलत होते, पण मोजकं. लाइट आली का, गाडी गेली का. गावात मात्र आठवडाभर दुसरा विषय नव्हता. निम्मं गाव आण्णांवर चिडलं होतं, निम्मं तात्यांवर, आणि काही जाणती माणसं शब्बीर मास्तरांकडून पुढच्या लग्नाला कर्णे घ्यायचे नाहीत असं ठरवून मोकळी झाली.

जानेवारीत हुरडा आला. पोतं आलं नाही.

आण्णा पहिले आठ दिवस काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मात्र रोज सकाळी ओट्यावर पेपर घेऊन बसायला लागले, तेही रस्त्याकडं तोंड करून. आई म्हणाली, बाजारातून आणू का किलोभर. आण्णा म्हणाले, प्रश्न हुरड्याचा नाही. मग एका रविवारी उपासनेवरून आल्यावर त्यांनी माळ्यावरचं रिकामं पोतं काढलं, झटकलं, घडी करून काखेत मारलं आणि मला गाडी काढायला सांगितली.

तात्या रानात हुरडा भाजायच्या आगटीपाशी बसले होते. आण्णा त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"यंदा आलं नाही."

"आता कशाला?" तात्या म्हणाले. "तुला कळलंय. मला कळलंय तुला कळलंय. फिटलं."

"फिटलं ना? मग आता प्रेमानं दे."

तात्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग काखेतल्या पोत्याकडं पाहिलं. ते उठले, पोतं हिसकून घेतलं आणि ज्वारीत शिरले. बराच वेळ नुसता कणसं मोडल्याचा आवाज येत होता. आण्णा आगटीपाशी टेकले आणि समोर भाजलेली दोन कणसं होती, ती कुणाला न विचारता चोळायला लागले.

तात्या परत आले. पोतं अर्धंच भरलेलं होतं. त्यांनी ते आण्णांच्या पायापाशी टाकलं.

"एवढंच?" आण्णा म्हणाले.

"प्रेमाचं एवढंच निघालं."

त्या अर्ध्या पोत्यावरून आण्णा आजही चिडलेले आहेत. दर जानेवारीला स्वतः जाऊन भांडून आणतात.